पोटमाळ्यावर खोली झाली, पण खालच्यांच्या झोपेचं काय?

निवांत_शोधतेय | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईनं हवी आहे.

इतकी वर्षं आमचा पोटमाळा म्हणजे जुन्या ट्रंका, रिकामी खोकी आणि 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेल्या वस्तूंचं गोदाम होतं. आता तिथे थोरल्या मुलाची खोली होतेय. जिना बसला, नव्या तुळया पडल्या, त्यावर १८ मिमीचं प्लायवूड तात्पुरतं अंथरलंय. परवा मुलगा हौसेनं वर चक्कर मारून आला आणि खालून सासूबाईंनी विचारलं, "वर कपाट सरकवताय का गं?" कपाट नव्हतं. पंचेचाळीस किलोचा मुलगा होता, तोही अनवाणी.

नेमकी त्याच्या खोलीखाली सासूबाईंची खोली. त्यांची झोप सावध, याचा दिवस रात्री अकराला सुरू होतो. पुढचं समजून घ्या.

मिस्त्री म्हणतात, तुळयांच्या मधे थर्माकोल भरू, आवाज बंद. नवरा म्हणतो, वर जाड गालिचा टाकू, विषय संपला. मला वाटतं खालून फॉल्स सीलिंग करावं. मधली पोकळी अजून उघडी आहे, पुढच्या आठवड्यात बंद होईल. वरून करावं की खालून? आणि खरंच फरक पडतो, की नुसतं मनाचं समाधान?

कुंभकर्ण | सोमवार, रात्री १०:२०

मुलाला खाली झोपवा, सासूबाईंना वर. धागा बंद करायला हरकत नाही.

तिरकस | सोमवार, रात्री १०:२४

कुंभकर्ण, पोटमाळ्याचा जिना कधी चढून बघितलाय का? शिडीचा चुलतभाऊ असतो तो.

सुतारपक्षी | सोमवार, रात्री १०:४१

ताई, आधी मिस्त्रींच्या हातातला थर्माकोल काढून घ्या. पंचवीस वर्षं लाकूडकाम करतोय, हा गैरसमज काही जाता जात नाही. थर्माकोल उष्णतेसाठी ठीक आहे. आवाजाला अडवायला वजन लागतं, ते त्याच्यात नाही. आवाज मुरवायला आत हवा खेळवणारे तंतू लागतात, तेही नाहीत. शिवाय तो कडक असतो, म्हणजे तुळयांमध्ये घट्ट बसवला की उलट धक्का पोचवायला मदत करतो. पीयू फोमचे कडक बोर्ड असतात, त्यांचीही तीच गत.

पोकळीत रॉकवूल (दगडी लोकर) किंवा ग्लासवूल (काचेची लोकर) घाला. १०० मिमी जाडी, घनता साधारण ४५ ते ६० किलो प्रति घनमीटर. खच्चून कोंबू नका, सैलसर पण फट न ठेवता बसवा. हातमोजे, मास्क, लांब बाह्यांचा सदरा घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

पण ही लोकर एकटी पायांची धडधड थांबवत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. नंतर मला शिव्या नकोत.

हरकाम्या | सोमवार, रात्री ११:०५

मी नवरोबांच्या बाजूनं. आमच्याकडे वरच्या खोलीत गालिचा आणि त्याखाली जाड अंडरले (गालिच्याखालचा मऊ थर) टाकला, फरक लगेच कळला. उगाच छत उकरू नका.

गवाक्ष | सोमवार, रात्री ११:०९

अंड्यांचे ट्रे लावतात म्हणे भिंतींना? एका मित्राने लावले होते.

कुंभकर्ण | सोमवार, रात्री ११:११

मग? मित्राच्या घरातून कोंबडीचा आवाज यायचा थांबला का?

ध्वनिवेडा | सोमवार, रात्री ११:४८

अंड्यांच्या ट्रेबद्दल एकदाच सांगतो आणि सोडतो. ते आणि ते खाचाखाचांचे फोमचे तुकडे खोलीच्या *आतला* घुमारा थोडा कमी करतात. पलीकडे जाणारा आवाज त्यांना विचारतही नाही. ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनं, म्हणजे अगदी खालच्या सुरातल्या) आवाजाची लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते, तिच्या वाटेत दोन इंची फोम म्हणजे हत्तीपुढे पडदा.

आता मूळ प्रश्न. मी घरी गाणी रेकॉर्ड करतो, त्यामुळे हे सगळं स्वतःच्या छतावर करून बसलोय.

निवांतताई, तुमच्याकडे 'आवाज' ही एक तक्रार नाही, दोन आहेत. एक हवेतून येतो: बोलणं, गाणी, गेमच्या आरोळ्या. दुसरा लाकडातून येतो: टाच आपटणं, खुर्ची सरकणं, वस्तू पडणं. दोघांवरचे उपाय वेगळे, आणि एकावरचा दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. हरकाम्या, तुमचा गालिचा दुसऱ्या प्रकारातल्या अर्ध्या भागावर चालतो. टकटक, खणखण तो खातो. पण हलक्या लाकडी मजल्यावर टाचेचा जो 'धब्ब' होतो, त्याचा बराचसा जोर १०० हर्ट्झच्या खाली असतो. तिथे अख्खा मजलाच ढोलाच्या कातड्यासारखा हलतो. ढोलावर सतरंजी टाकून वाजवलात तरी घुमणारच.

अंडरलेच्या पाकिटावर '२० डेसिबलने कमी' वगैरे छापलेलं असतं, त्यानं हुरळू नका. ती चाचणी बहुतेक वेळा १४० मिमी जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबवर केलेली असते. स्लॅब मुळात जड, त्यावर फक्त टकटकच उरते आणि ती अंडरले सहज खातो. तोच अंडरले लाकडी तुळयांवर टाकला की तो आकडा हाती लागत नाही.

पैसे खर्च करण्याआधी तीन गोष्टी करून बघा:

एक, वर रेडिओ जाड गादीवर ठेवा (थेट जमिनीवर नको, नाहीतर तो लाकडालाही हलवेल) आणि खाली ऐका. दोन, मुलाला अनवाणी चालायला सांगा, टाच टेकवत. तीन, किल्ल्यांचा जुडगा गुडघ्याच्या उंचीवरून टाकायला सांगा. खाली नुसतं एका जागी उभं राहू नका. भिंतीला कान लावा, जिन्याशी जा, दिव्याच्या होल्डरखाली उभ्या राहा. आवाज कुठून येतोय ते छताकडे बघत बसून कळत नाही.

आज्जी_ऑनलाईन | मंगळवार, सकाळी ६:१५

सासूबाईंच्या वतीनं बोलते, कारण मी सध्या खालच्या मजल्यावरची सासूबाईच आहे.

वर कोण चाललंय हे मला पावलांवरून कळतं. मुलगा टाच आपटतो, सून पटपट चालते, नातू चालतच नाही, धावतो. याचा त्रास होत नाही बाई. त्रास होतो तो अचानक झालेल्या आवाजाचा. रात्री एकला खुर्ची कर्र करून सरकते ना, छातीत धस्स होतं. नातवाच्या खुर्चीच्या चारही पायांना मीच नमद्याच्या चकत्या चिकटवल्या. वर्षातून दोनदा बदलते, कारण झिजतात. दाराच्या चौकटीला रबराची पट्टी लावली, आपटलं तरी ठप्प होतं.

बाकी तुमचे डेसिबल तुम्ही बघा. पण आधी चार चकत्या चिकटवा आणि मग तुळया मोजा.

तिरकस | मंगळवार, सकाळी ८:०२

आज्जी, तुम्हाला सलाम. हर्ट्झवाल्यांनी रात्रभर जे सांगितलं त्याहून हे कामाचं.

ध्वनिवेडा | मंगळवार, सकाळी ८:३०

मान्य. उगमाशी थांबवलेला आवाज सगळ्यात स्वस्त. फक्त नातवाच्या टाचेला चकती चिकटवता येत नाही.

वासे_मोजणारा | मंगळवार, सकाळी ९:४४

आयडीवरून गैरसमज नको, खाल्ल्या घरचे वासे मोजत नाही. व्यवसायच आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअर.

आवाजाच्या आधी एक प्रश्न. पोटमाळ्याच्या तळाशी पूर्वीपासून जे लाकडी दांडे होते, ते फक्त खालचं छत धरायला आणि छपराचे पाय फाकू नयेत म्हणून होते. माणसांच्या वर्दळीसाठी नव्हते. झोपायच्या खोलीच्या जमिनीला दर चौरस मीटरला १५० ते २०० किलोचा भार धरून हिशेब करतात. तुम्ही नव्या तुळया टाकल्यात म्हणजे हा विचार कुणीतरी केलेला दिसतो, चांगलं आहे. जुने दांडे जागेवर आहेत ना? कापले नाहीत ना?

असतील, तर तुमच्या हातात एक गोष्ट आयती आली आहे आणि कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. जुनं छत जुन्या दांड्यांवर लटकतंय, नवी जमीन नव्या तुळयांवर उभी आहे. हे दोघं एकमेकांना कुठेच टेकत नसतील, तर टाचेचा धक्का तुळईत शिरेल, भिंतीपर्यंत जाईल, पण थेट छतात उतरणार नाही. लोक एवढ्यासाठी रबरी क्लिपा आणि स्प्रिंगा विकत घेतात. पोटमाळ्यात हे नैसर्गिकच होतं, जर सुतारानं बिघडवलं नाही तर.

टॉर्च घ्या, प्लायची एक शीट उचला, पोटावर झोपा आणि बघा: नवी तुळई जुन्या दांड्यांना किंवा छताच्या बोर्डाला कुठे लागतेय का. मधे बोटभर फट हवी. माणसं चालल्यावर तुळई थोडी लवते, तेव्हाही ती टेकता कामा नये.

गॅलरीतली | मंगळवार, दुपारी १:१६

वासे_मोजणारा यांच्याशी सहमत. 'टेकणे' या एका शब्दानं आमचं काय केलं ते सांगते.

आम्ही सगळं पुस्तकातल्यासारखं केलं होतं. पोकळीत रॉकवूल. तुळयांच्या खालून रबर लावलेल्या क्लिपा, त्यात अडकवलेले पत्र्याचे चॅनल, त्यावर जिप्सम बोर्डचे दोन थर, जोड एकावर एक येणार नाहीत असे. म्हणजे छत रबरावर तरंगायला हवं होतं. काम झालं, माणसं गेली, रात्री दिवा मालवला आणि वरून धब्ब, धब्ब. आधीपेक्षा तसूभरही कमी नाही. मी अक्षरशः रडले.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका माणसाने लोहचुंबक छतावर फिरवला आणि स्क्रू शोधले. पहिल्या कारागिराकडचे आखूड स्क्रू संपले होते म्हणून एका बाजूला लांब वापरले. ते बोर्डातून, चॅनलमधून आरपार थेट तुळईत घुसले होते. तिथे रबराचा उपयोग शून्य. एकूण अठरा स्क्रू निघाले. काढले, जागा बुजवल्या, त्याच रात्री फरक. अठरा स्क्रूंनी अख्ख्या छताचं काम मातीत घातलं होतं.

तेव्हापासून माझा नियम: काम चालू असताना स्क्रूचं पाकीट स्वतः बघायचं. कारागिराला राग आला तर येऊ दे.

सुतारपक्षी | मंगळवार, दुपारी २:००

कारागिराची बाजू घ्यायला आलो होतो, अठरा स्क्रू ऐकून परत चाललो.

एवढंच म्हणेन की आम्हा लोकांना 'घट्ट' म्हणजे चांगलं काम असंच शिकवलेलं असतं. हललं की चुकलं. हे काम उलटं आहे, इथे सैल सोडावं लागतं. का ते समजावून सांगितलंत तर माणूस करतो. नुसतं 'असं करा' म्हटलं तर तुमची पाठ वळल्यावर दोन स्क्रू जास्त मारतो, तुमच्या भल्यासाठी.

अनुस्वार | मंगळवार, दुपारी ३:२५

अवांतर: आमचा लाकडी मजला कुरकुरतो, त्याला काय करावं? धब्ब परवडला, ही कुरकुर नको.

सुतारपक्षी | मंगळवार, दुपारी ३:५०

कुरकुर म्हणजे फळी खिळ्यावर वरखाली घासतेय. खिळे काढा, तुळईवर गोंदाची रेघ ओढा आणि स्क्रूनं आवळा. बोर्डांच्या जोडाखाली आधार नसेल तर आडवा तुकडा द्या. निवांतताई, तुमचं प्लाय तात्पुरतं आहे तोवरच हे करून घ्या. वर दुसरा थर चढला की कुरकुर जन्माची.

कुंभकर्ण | मंगळवार, दुपारी ३:५४

कुरकुर जन्माची असेल तर तिच्याशी लग्न झालंय असं समजावं. (दिवा घ्या.)

हरकाम्या | मंगळवार, सायंकाळी ६:३०

जुन्या घरांत तक्तपोशीवर माती नाहीतर वाळू टाकायचे आणि ती घरं शांत असायची. तुळयांच्या मधे फळ्या ठोकून त्यावर कोरडी वाळू ओता. स्वस्त आणि मस्त. हर्ट्झबिर्ट्झ सगळं गाडलं जाईल.

वासे_मोजणारा | मंगळवार, सायंकाळी ६:५२

उपाय खरा आहे, वजन आणि सुटे कण दोन्ही आवाज खातात. पण हिशेब करा. ५ सेंमी कोरडी वाळू म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ८० किलो. १४ चौरस मीटरची खोली असेल तर ११०० किलोच्या वर. पोटमाळ्यात एक गाडी उभी केल्यासारखं. त्या जुन्या घरांच्या तुळया हत्तीच्या पायासारख्या असायच्या. इथे माझी हात जोडून विनंती आहे, वाळू नको. 'गाडलं जाईल' हा शब्द फार शब्दशः खरा होईल.

निवांत_शोधतेय | मंगळवार, रात्री ९:३८

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी प्रयोग केले, अख्खं घर कामाला लावलं. अहवाल देते.

रेडिओ: पलंगावर झोपून ऐकलं तर अस्पष्ट, शब्द कळत नाहीत. पण खोलीच्या दाराशी आले तर बातम्या शब्दन् शब्द! आवाज छतातून नाही, जिन्यातून येतोय. जिना वर उघडाच आहे आणि खाली बोळात उतरतो, बोळात सासूबाईंचं दार, आणि दाराखाली बोट जाईल एवढी फट.

किल्ल्या: स्पष्ट ऐकू आल्या, पण वर सतरंजी टाकल्यावर जवळपास गेल्या. हरकाम्या आणि नवरा खूश.

टाच: सगळीकडे धब्ब. सतरंजीवरही तेवढीच. ध्वनिवेडा खूश.

आता मुख्य. टॉर्च घेऊन पोटावर झोपले. जुने दांडे आहेत, कापलेले नाहीत. नव्या तुळयांना ते समांतरच आहेत, मधे फट आहे, पण सात ठिकाणी लाकडाच्या पाचरा ठोकल्या आहेत. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "तुळई डुलू नये म्हणून." म्हणजे आमच्या घरात खरोखरच पाचर मारून ठेवलीय.

तिरकस | मंगळवार, रात्री ९:४५

सात पाचरा! धाग्याचं नाव बदला.

वासे_मोजणारा | मंगळवार, रात्री १०:१०

उत्तम शोध. पण स्वतः हातोडी घेऊन जाऊ नका. पाचर नुसती मधे बसवलीय की तिच्यावर काही भार आलाय, हे ज्यानं तुळयांचं माप काढलं त्याला विचारा. तुळई आडवी डुलू नये याची सोय खरंच लागते, पण ती तुळई ते तुळई आडवे ठोकळे देऊन करायची, जुन्या दांड्याशी बांधून नाही. ठोकळे बसल्यावर पाचरा काढा. आणि जिथे फट एकदम कमी आहे तिथे तुळईवर दोन माणसं उभी करून खालून बघा, टेकते का.

आणि जिन्याला दार लावाच. आवाजासाठी नव्हे, आगीसाठी. खाली आग लागली तर उघडा जिना धुराचं धुराडं होतो आणि वरच्या माणसाला उतरायला दुसरी वाट नसते. भरीव, आपोआप मिटणारं दार आणि दोन्ही मजल्यांवर धुराचा अलार्म. आवाज कमी होणं हा वरचा फायदा. थर्माकोल नको म्हणण्याचं आणखी एक कारणही हेच, तो जळतो आणि वितळून टपकतो. दगडी लोकर जळत नाही.

ध्वनिवेडा | मंगळवार, रात्री १०:५५

दाराचं ऐकून बरं वाटलं. लोक फटींना फार हलक्यात घेतात, म्हणून हिशेब मांडतो.

समजा तुमची १४ चौरस मीटरची जमीन-छत मिळून ५० डेसिबल अडवते. आता कडेनं चारी बाजूंनी फक्त १ मिमीची आरपार फट राहिली. खोलीचा घेर १५ मीटर धरला तर ती फट १५० चौरस सेंमी होते, म्हणजे पूर्ण क्षेत्राच्या साधारण एक हजारांश. तेवढ्यानं ५०चे ३० होतात. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, हे लक्षात घेतलं तर एका मिलिमीटरनं काय घालवलं ते कळेल. उलट बाजूनं बघा: बोर्डाचं वजन दुप्पट केलं की मिळतात जेमतेम ५ ते ६ डेसिबल. म्हणजे बोर्डचा आणखी एक थर लावण्याआधी फटी बुजवायच्या सीलंटची नळी विकत घ्या.

सीलंट मऊ राहणारा घ्या, अ‍ॅक्रिलिक किंवा अ‍ॅकॉस्टिक म्हणून मिळतो तो. पुट्टी वाळून तडकते, फवारायचा फोम कडक आणि हलका असतो, दोन्ही नकोत. पाइप, वायरीची भोकं, भिंतीचा कोपरा, सगळीकडे.

पोकळीबद्दलही एक. प्लाय आणि जिप्सम हे दोन पत्रे, मधली हवा ही स्प्रिंग. ही जोडी एका ठरावीक स्वराला झुलते आणि त्या स्वराला मजला आवाज अडवत नाही, उलट पुढे ढकलतो. १२ किलोची जमीन, २० किलोचं छत (दर चौरस मीटरला) आणि मधे ५ सेंमी फट असेल तर तो स्वर १०० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे नेमका टाचेच्या प्रदेशात. फट २० सेंमी केली तर ५० पर्यंत उतरतो. तुमच्याकडे तुळयांची खोली आयती आहे, ती वापरा. छताखाली तिसरा पातळ थर, मधे दोन इंच फट ठेवून, असलं काही करू नका. वाईट होतं.

निवांत_शोधतेय | बुधवार, सकाळी ७:२०

म्हणजे माझं फॉल्स सीलिंग बाद? त्यात आठ स्पॉटलाइट ठरवले होते.

गॅलरीतली | बुधवार, सकाळी ७:५८

आठ स्पॉटलाइट म्हणजे छताला आठ भोकं. इतकं करून त्याला चाळणी करायचं? बाहेरून बसणारा एक दिवा आणि भिंतीवरचे दोन घ्या. शिवाय आत बसणाऱ्या दिव्यांवर लोकर पडली तर ते तापतात.

सुतारपक्षी | बुधवार, सकाळी ८:४०

त्यावरून आठवलं, लोकरीत पुरलेली वायरही तापते, तिची क्षमता कमी धरावी लागते. एसी किंवा गीझरची वायर त्या पोकळीतून जात असेल तर इलेक्ट्रिशियनला आधी सांगा.

वासे_मोजणारा | बुधवार, सकाळी १०:०५

फॉल्स सीलिंग बाद, पण छत बाद नाही. असलेल्या छताला खालून चिकटूनच १५ मिमीचा जड जिप्सम बोर्डाचा एक थर लावता येईल, मधे फट न ठेवता. दर चौरस मीटरला सुमारे १२ किलो, खोलीभर १७० किलो. हे वजन जुन्या दांड्यांवर येणार, तेव्हा आधी कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवून घ्या. मी इथून होकार देणार नाही.

वरून मात्र दुसरा थर द्याच. प्लायवर १० मिमी रबर-कॉर्कची चटई, त्यावर दुसरा बोर्ड, खालच्या प्लायला एकही स्क्रू न मारता. कडेला भिंतीपासून ८ ते १० मिमी सोडून तिथे फोमची पट्टी. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) भिंतीला ठोका, जमिनीला टेकवू नका. उंची तीनेक सेंमी जाईल.

आज्जी_ऑनलाईन | बुधवार, दुपारी ४:३०

नवऱ्याला वाईट वाटू देऊ नकोस हो, वरती गालिचाही टाक. किल्ल्यांचं त्याचं बरोबर होतं.

निवांत_शोधतेय | दोन महिन्यांनंतर, रविवार, सकाळी ११:०३

धागा वर काढते आहे, कारण अर्धवट सोडलेले धागे मलाही आवडत नाहीत.

काय झालं: तुळयांमध्ये आडवे ठोकळे बसले, सातही पाचरा निघाल्या. मिस्त्रींना सुतारपक्षींचं 'इथे सैलच चांगलं' वाचून दाखवलं. ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग आठवी पाचर कुठे आहे ते त्यांनीच दाखवलं, ती मला दिसली नव्हती. १०० मिमी रॉकवूल भरलं. छताला इंजिनिअर बघून गेल्यावर १५ मिमीचा एकच थर. वर तरंगती जमीन (चटईवर स्क्रू न मारता ठेवलेला दुसरा बोर्ड) आणि गालिचा. जिन्याच्या तोंडाशी भरीव दार, सासूबाईंच्या दाराखाली पट्टी.

फरक: रेडिओ, बोलणं, गेम, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. यातला मोठा वाटा दाराचा, कारण ते सगळ्यात शेवटी बसलं आणि त्या दिवशी घर एकदम मुकं झालं. किल्ल्या, खुर्ची गेली. टाच अजून आहे. पूर्वी कपाट सरकायचं, आता शेजारच्या घरात कुणी उशी टाकल्यासारखं. लक्ष देऊन ऐकलं तर येतं.

ध्वनिवेडा | रविवार, सकाळी ११:२०

हलक्या लाकडी मजल्यावर याहून खाली जायचं तर फार वजन लागतं. इथे थांबलात हे शहाणपण.

हरकाम्या | रविवार, सकाळी ११:३४

गालिचा होता ना शेवटी? मी सोमवारीच सांगितलं होतं.

आज्जी_ऑनलाईन | रविवार, दुपारी १२:१०

सासूबाई काय म्हणतात ते सांगितलंच नाहीस.

निवांत_शोधतेय | रविवार, दुपारी १:४५

आज्जी, त्या म्हणतात आता वर काही हालचाल कळत नाही, पोरगा घरात आहे की नाही समजत नाही, त्यामुळे झोप लागत नाही. काल रात्री दोनदा जिन्याचं दार उघडून बघून आल्या.

कुंभकर्ण | रविवार, दुपारी १:४८

पाचरा फेकल्या नाहीत ना?